गोव्याचा किनारा राखण्यासाठी : घरातून, वाड्यावरून आणि ग्रामसभेतून करता येणारी कामे

केरी-तेरेखोलपासून पोळ्यापर्यंतचा गोव्याचा किनारा पूर्वापार सुमारे १०५ किलोमीटरांचा मानला जातो. त्याच्यासाठी काही करावेसे वाटणारी माणसे बहुधा एखाद्या रविवारी सकाळी हातमोजे घालून कचरा वेचायला जातात. ते काम करावेच, आणि ते नीट कसे करावे हे पुढे सांगितले आहे. मात्र किनाऱ्याचे आणि तेथील प्राण्यांचे मोठे नुकसान जिथून सुरू होते ती ठिकाणे बहुतांशी पुळणीच्या मागे असतात: घराची मलटाकी, समुद्राकडे तोंड केलेला अंगणातला दिवा, खाजनाचा (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचा) फुटका बांध, मासळीबाजारातली टोपली आणि पंचायतीच्या कपाटात पडून राहिलेली तक्रार. म्हणून या लेखातील क्रम घरापासून निघतो, समुद्रापर्यंत जातो आणि पंचायतीत येऊन थांबतो.

पहिली पायरी : आपल्या भागाचे वर्ष मांडून घ्यावे

किनाऱ्यावर कोणते काम करावे यापेक्षा ते कधी करावे हे आधी ठरवावे लागते, कारण एका महिन्यात उपयोगी पडणारी कृती दुसऱ्या महिन्यात अपायकारक ठरू शकते. एका कागदावर बारा महिने लिहून त्यापुढे आपल्या गावात काय घडते ते नोंदवावे. नोव्हेंबरपासून कासवे अंडी घालण्यासाठी येऊ लागतात आणि पिल्ले बाहेर पडण्याचे काम मे महिन्यापर्यंत चालू राहते. साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात उत्तरेकडून आलेले चिखले, कुरव आणि सुरय हे पक्षी नदीमुखांवर आणि मोकळ्या पुळणींवर थव्याने विसावतात. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा सरेपर्यंत अधूनमधून डांबरगोळे किनाऱ्याला लागतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात लाटा पुळणीवरची रेती ओढून समोरच्या उथळ पाण्यात नेतात आणि पाऊस गेल्यावर तीच रेती हळूहळू परत आणतात.

शेवटची गोष्ट माहीत नसल्यामुळे बराच अनर्थ होतो. जुलैमध्ये घरासमोरची पुळण खचलेली पाहून घाबरलेला मालक दगडांची भिंत घालतो. त्या भिंतीवर आदळून परतणारी लाट पायथ्याची रेती अधिकच ओढून नेते आणि शेजाऱ्याचा किनाराही खचू लागतो. ऑक्टोबरपर्यंत वाट पाहिली असती तर पुष्कळदा भिंतीची गरजच पडली नसती.

भरतीची वेळ काढण्यासाठी कोकणातला जुना हिशेब आजही कामाला येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते: अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. पुळणीवरची बहुतेक कामे ओहोटीत करायची असल्यामुळे या वेळेच्या सहा तास पुढची किंवा मागची वेळ धरावी. बोटीचे काम असेल तर मात्र छापील भरतीपत्रकच पाहावे.

दुसरी पायरी : घरातून वाहून जाणारे पाणी

किनारपट्टीच्या गावांत भूजल वर असते आणि रेताड जमिनीतून पाणी फारसे न गाळता झिरपते. पावसाळ्यात ही पातळी आणखी वर आली की निकृष्ट मलटाकीतले पाणी थेट विहिरीत, ओहोळात आणि तेथून खाडीत पोहोचते. टाकीला किमान दोन कप्पे आहेत का, पहिल्या कप्प्याचा तळ पक्का आहे का आणि शोषखड्डा विहिरीपासून पुरेसा दूर आहे का, हे पावसाळ्यापूर्वी गवंड्याकडून तपासून घ्यावे. टाकी उपसण्यासाठी टँकर बोलावला तर मैला कोणत्या प्रक्रिया केंद्रावर नेला जाणार हे विचारावे आणि पावती मागावी. स्वस्तात काम करून देणारा टँकर रात्री एखाद्या ओहोळात रिकामा होत नसेल अशी खात्री पावतीशिवाय कोणालाही देता येत नाही. पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी हे काम सर्वांत आधी करावे, कारण चार माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर डिसेंबरात वीस माणसांचा भार पडतो.

स्वयंपाकघरात तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. बाटलीत साठवून ते संकलन करणाऱ्यास द्यावे किंवा थोडे असल्यास कागदाने टिपून घ्यावे. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याविषयी आता नव्याने सांगण्याची गरज नाही. साळगाव आणि काकोडा येथील कचरा प्रक्रिया प्रकल्पांमुळे त्या वेगळेपणाला पुढे अर्थ उरतो एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

चतुर्थीचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा. गोव्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी आहे. तरीही मूर्ती घेताना ती चिकणमातीची आहे याची खात्री चित्रशाळेतच, रंग चढण्यापूर्वी करावी, कारण रंग चढल्यावर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. गणपतीच्या वर टांगली जाणारी माटोळी ही मुळातच रानातल्या फळाफुलांची असते आणि ती केवणीच्या सालीच्या दोरीने बांधण्याची रीत आहे. नायलॉनच्या सुतळीने आणि तारेने बांधलेली माटोळी विसर्जनानंतर मासे आणि पक्षी यांच्यासाठी फास ठरते. थर्माकोल, प्लास्टिकची फुले आणि झगमगीत माळा विसर्जनापूर्वी काढून घराकडे परत आणाव्यात आणि निर्माल्य परसातल्या माडाच्या आळ्यात पुरावे.

तिसरी पायरी : वाळूच्या टेकड्या

पुळण आणि माडांची रांग यांच्यामधला वाळूचा उंचवटा हा अनेकांना मोकळा, म्हणून वापरण्याजोगा तुकडा वाटतो. प्रत्यक्षात तो वादळी लाटेचा जोर झेलतो, पुळणीला लागणाऱ्या रेतीचा साठा करतो आणि आपल्या पोटात गोडे पाणी धरून ठेवतो. त्याला धरून ठेवणाऱ्या वनस्पती दिसायला साध्या असतात: जांभळ्या फुलांची मर्यादवेल सर्वांत पुढे पसरते आणि टोकदार पानांच्या रावणाच्या मिशा तिच्या मागे रेती अडवतात. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी ज्या वेगळ्या तरतुदी केल्या आहेत त्यांत या टेकड्यांचे नकाशे तयार करावेत आणि त्यांवर कोणतीही कामे होऊ देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे.

टेकडीवरून जाणारी एकच पायवाट ठरवावी आणि ती काठ्या व काथ्याची दोरी लावून आखावी. दहा वाटा पडल्या की प्रत्येक वाटेतून वारा शिरतो आणि टेकडी आतून फुटते. मर्यादवेल कचरा समजून उपटू नये. जिथे ती गेली आहे तिथे पावसाच्या सुरुवातीला तिचे हातभर लांबीचे तुकडे, दोन-तीन पेरे रेतीत जातील असे लावावेत, ते सहज रुजतात. उन्हाळी वाऱ्याने रस्त्यावर किंवा अंगणात आलेली रेती गाडीत भरून बांधकामाला देऊ नये, ती परत पुळणीवर टाकावी. सुरूची झाडे लावण्याचा मोह टाळावा. ती सावली देतात, परंतु त्यांच्या पडलेल्या काड्यांच्या जाड थराखाली मूळची वेल तग धरत नाही. आणि टेकडीवर किंवा पुळणीवर वाहन नेऊ नये. गोव्यात ते दंडनीय आहे, तरी दर हंगामात भाड्याच्या जीपगाड्या रेतीत रुतलेल्या दिसतातच.

चौथी पायरी : कासवांचा हंगाम

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या चार पुळणी कासवांच्या विणीच्या जागा म्हणून याच अधिसूचनेत नावानिशी नोंदल्या आहेत. पेडण्यातल्या दोन आणि काणकोणातल्या दोन अशी ही विभागणी आहे. येथे येणारी कासवे मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची असतात. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढून मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, रेती लोटून दाबते आणि समुद्रात परतते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले रात्रीच्या गारव्यात वर येतात आणि सर्वांत उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धावतात. माणसांची वस्ती नव्हती तेव्हा ते क्षितिज नेहमी समुद्राचे असे. मोरजीत १९९० च्या दशकापासून गावकरी आणि वन खाते मिळून घरट्यांची राखण करीत आले आहेत. त्यामुळे इथे सामान्य माणसाने करायचे काम नव्याने शोधून काढण्याची गरज नाही, त्या राखणीला अडथळा न होता तिला हातभार लावणे एवढेच ते आहे.

पहिला प्रश्न दिव्यांचा. नोव्हेंबर ते मे या काळात सूर्यास्तानंतर आपल्या घरासमोरच्या पुळणीवर उभे राहून मागे वळून पाहावे आणि कोणकोणते दिवे डोळ्यांत येतात ते लिहून घ्यावे. बल्ब दिसत असेल तर तो कासवालाही दिसतो. असा दिवा बंद करावा. तो बंद करता येत नसेल तर त्याला वरून व समुद्राच्या बाजूने झाकण लावावे, तो खाली उतरवावा आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर-नारिंगी कमी उजेडाचा बल्ब वापरावा. बाहेरच्या दिव्यांना हालचाल ओळखून पेटणारा स्विच लावल्यास विजेचे बिलही कमी होते, आणि शॅकवाल्याशी (पुळणीवरच्या तात्पुरत्या खानावळीच्या मालकाशी) बोलताना कासवापेक्षा हाच मुद्दा लवकर पटतो असा अनुभव आहे. खोल्यांच्या समुद्राकडील खिडक्यांना जाड पडदे लावावेत.

दुसरा प्रश्न पुळणीवरच्या अडथळ्यांचा. दिवस मावळल्यावर खाटा आणि खुर्च्या रेतीवरून उचलून मागे एकावर एक रचाव्यात, मुलांनी खणलेले खड्डे बुजवावेत आणि किल्ले सपाट करावेत. तीन इंच लांबीही नसलेल्या पिल्लाला फूटभर खोल खड्डा म्हणजे न चढता येणारी विहीर असते. उरलेसुरले अन्न कुत्र्यांसाठी पुळणीवर टाकू नये. कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल तर ते गावात, ठरलेल्या जागी आणि निर्बीजीकरणासह करावे, कारण घरटी उकरणाऱ्यांत कुत्रीच पुढे असतात.

पहाटे फिरायला जाणाऱ्यांना समुद्रातून वर आलेला आणि परत गेलेला रुंद माग दिसू शकतो. तो आढळल्यास पायांनी पुसू नये आणि त्याच्या टोकाशी काठी खुपसून अंडी शोधू नयेत. काही अंतरावर उभे राहून फोटो काढावा, जागेची खूण मोबाइलच्या नकाशावर ठेवावी आणि वनरक्षकाला किंवा जवळच्या जीवरक्षकाला लगेच कळवावे. अंडी दुसरीकडे हलवायची की जागेवरच कुंपण घालायचे हे वन खात्याचे प्रशिक्षित लोक ठरवतात. अंडे घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाला चिकटू लागतो आणि त्यानंतर अंडे उलटसुलट झाले तर तो मरतो. म्हणून कितीही सद्भावनेने केलेली हाताळणी घातक ठरते. कायद्याच्या दृष्टीनेही ते महागात पडते: ही कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

मादी किंवा पिल्ले प्रत्यक्ष दिसली तर स्थिर उभे राहावे, बोलणे थांबवावे, टॉर्च आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. पिल्ले बादलीत भरून पाण्यात सोडण्याचे समारंभ कोणी करीत असेल तर विनयाने पण ठामपणे थांबवावे. रेतीवरून स्वतः चालत पाण्यापर्यंत जाणे हा पिल्लाच्या वाढीचाच भाग समजला जातो, आणि हातातून हातात फिरवलेले पिल्लू त्यातच दमते.

पाचवी पायरी : किनाऱ्याला लागलेला प्राणी

या विषयावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या प्रसंगी सर्वांत चांगल्या मनाची माणसे सर्वांत जास्त चूक करतात. पुळणीवर जिवंत डॉल्फिन किंवा पाठीवर पर नसलेला, डॉल्फिनसारखाच सस्तन असलेला पॉरपॉइज दिसला की आठ-दहा जण धावतात, शेपटीला धरून त्याला पाण्यात ओढतात आणि तो पोहत गेला की टाळ्या वाजवतात. आजारी किंवा भरकटलेला प्राणी बहुधा काही तासांत पुन्हा लागतो, तेव्हा तो अधिक जखमी आणि अधिक दमलेला असतो. शेपटी ओढल्याने मणका आणि सांधे निखळतात.

योग्य क्रम असा आहे. प्रथम ११२ वर फोन करून किंवा जवळच्या जीवरक्षकाच्या मनोऱ्यावर जाऊन वन खात्याला निरोप द्यावा. प्राणी समुद्रात अडकलेला किंवा बोटीजवळ असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही आहे. मग गर्दी वीस-तीस पावले मागे हटवावी आणि कुत्र्यांना दूर ठेवावे. डॉल्फिन कुशीवर पडला असेल तर त्याला हळूच पोटावर करावा आणि बाजूच्या परांखाली रेतीत छोटे खड्डे करून ते मोकळे ठेवावेत. अंगावर ओले सुती कापड टाकून समुद्राचे पाणी शिंपडत राहावे, परंतु डोक्यावरच्या श्वासरंध्रावर कापड किंवा पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये. वर छत्री किंवा चादर धरून सावली करावी. त्याच्या उच्छ्वासासमोर तोंड नेऊ नये, कारण त्यातून माणसाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. तो किती सेकंदांनी श्वास घेतो हे घड्याळ लावून लिहून ठेवावे, पशुवैद्य येताच पहिला प्रश्न तोच विचारतो.

जिवंत कासव असेल तर त्याला पाण्यात सोडू नये आणि उताणेही करू नये. जाळ्यात गुरफटलेले असल्यास गळ्याभोवतीचा किंवा वल्ह्यावरचा फास बोथट टोकाच्या कात्रीने सैल करावा. तोंडातून बाहेर लोंबणारा दोर मात्र ओढू नये, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला आतड्यात रुतलेला गळ असू शकतो. पावसाळी वादळात दमून खाली आलेले समुद्रपक्षी, उदाहरणार्थ बूबी, उडता येत नाही म्हणून निमूट बसलेले सापडतात. त्यांना टॉवेल टाकून उचलावे, चोच चेहऱ्यापासून दूर ठेवावी, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि चोचीत बळेच पाणी घालू नये. समुद्री साप विषारी असतात. तो मेल्यासारखा दिसला तरी त्याला हात लावू नये.

मेलेला प्राणीही उपयोगाचा असतो. संपूर्ण शरीराचा, डोक्याचा, परांचा आणि जखमांचा फोटो काढावा, मापासाठी शेजारी चप्पल ठेवावी, तारीख, वेळ आणि जागा लिहावी आणि हे सर्व वन खात्याला द्यावे. गोव्याच्या जवळच्या समुद्रात राहणाऱ्या पाठीवर कुबड असलेल्या (हम्पबॅक) डॉल्फिनांचे मरण कशामुळे होते हे कळण्याचा दुसरा मार्ग फारसा उपलब्ध नाही. पंचायतीच्या कामगारांनी शरीर घाईने पुरले की ती माहितीही पुरली जाते.

सहावी पायरी : कचरा वेचताना

दर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे स्वच्छ केले जातात आणि गोव्यातही त्या दिवशी छायाचित्रे भरपूर निघतात. त्याऐवजी पाच-सहा जणांनी शंभर मीटरांचा एकच तुकडा ठरवून महिन्यातून एकदा, ओहोटीला, वर्षभर वेचला तर त्यातून कचरा तर जातोच, शिवाय तो कुठून येतो हेही कळते. गोळा केलेल्या वस्तू मोजून चार रकाने भरावेत: मासेमारीचे साहित्य, खाद्य-पेयांची वेष्टने व बाटल्या, घरगुती कचरा आणि वैद्यकीय किंवा धोकादायक वस्तू. पहिला रकाना फुगत असेल तर जेटीवर बोलणे करावे लागेल, दुसरा फुगत असेल तर शॅक आणि दुकाने, तिसरा असेल तर जवळचा ओहोळ. असा बारा महिन्यांचा कागद ग्रामसभेत ठेवला की चर्चेचा सूर बदलतो.

वेचताना हातानेच वेचावे, दाताळ्याने रेती खरवडू नये. भरतीच्या रेषेवरचे शेवाळ, काटक्या आणि शिंपले तिथेच राहू द्यावेत. त्यांच्याखाली कुर्ल्या आणि किडे राहतात आणि त्यांवर पक्षी जगतात. रेतीत निम्मे गाडलेले जाळे ओढू नये, दिसते तेवढे कापून न्यावे आणि उरलेल्यासाठी जीवरक्षकांना व पंचायतीला कळवावे. काचेसाठी जाड हातमोजे आणि झाकणाचा डबा हवा. किनाऱ्यावर मद्यपान आणि बाटल्या फोडणे यांवर २०१९ मध्ये पर्यटनस्थळ कायद्यात दुरुस्ती करून दंड ठेवला आहे, तरी काचा कमी झालेल्या नाहीत.

डांबरगोळे हा वेगळा प्रकार आहे. समुद्रात सांडलेले किंवा जहाजांनी सोडलेले तेल घट्ट होऊन ते बनतात. ते रेतीत पुरू नयेत, कारण उन्हाने पुन्हा वितळतात. फावड्याने वरचा थर तेवढा उचलावा, वेगळ्या पिशवीत भरावा आणि पंचायतीला धोकादायक कचरा म्हणूनच द्यावा. पायाला लागलेले डांबर खोबरेल तेलाने निघते, रॉकेल वापरू नये.

सातवी पायरी : बाजार आणि बोट

मासळी घेताना तीन प्रश्न विचारावेत: कुठली, कशाने धरलेली आणि हा आकार पूर्ण वाढीचा आहे का. रापणीची (किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्याची) किंवा लहान होडीची मासळी मिळत असेल तर चार रुपये जास्त देऊन ती घ्यावी. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरांच्या आत ट्रॉलरना मनाई आहे आणि एलईडी दिव्यांच्या व जोडट्रॉलरच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. आकारासाठी केरळ सरकारने ठरवलेली मापे सोयीची आहेत: तारल्याला १० आणि बांगड्याला १४ सेंटिमीटर. यापेक्षा लहान वाटा कोणी स्वस्तात देऊ लागली तर नको म्हणावे. आंबट-तिखाची मोरी, म्हणजे लहान शार्क, घरोघर आवडते हे खरे. परंतु मोऱ्या उशिरा वयात येतात आणि थोडीच पिल्ले देतात, त्यामुळे वीतभर मोरीची पिल्ले विकत घेणे सोडून द्यावे. जून-जुलैत ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. आपल्याकडे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करण्याची, रीत त्यासाठीच आहे, खारे बांगडे आणि सुकी सुंगटे त्या दोन महिन्यांना पुरतात.

डॉल्फिन पाहायला पाहुण्यांना नेताना ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ अशी हमी देणारी बोट टाळावी. त्या हमीमुळेच बोटवाल्याला कळपाचा पाठलाग करावा लागतो. बसण्यापूर्वीच सांगावे की कळपाच्या समांतर चालवा, पन्नास मीटरांच्या आत जाऊ नका, आधीच दोन-तीन बोटी असतील तर थांबा. ग्रांद बेटाजवळ पाण्यात उतरणाऱ्यांनी प्रवाळावर पाय ठेवू नये आणि माशांना पाव घालू नये. मुलांनी थव्यात धावून कुरव उडवणे हा खेळ दिसायला निरागस असला तरी हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची साठवलेली शक्ती त्यात खर्च होते.

आठवी पायरी : खाजने आणि खारफुटी

मांडवी, जुवारी, शापोरा आणि साळ या नद्यांच्या काठची खाजने ही माणसाने घडवलेली किनारी व्यवस्था आहे. चिखल आणि जांभ्या दगडांचे बांध खारे पाणी अडवतात आणि मानशीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेची) लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटून ओहोटीला उघडतात. आत कोरगुटासारखे खारे सोसणारे भात पिकते, दाराशी सुंगटे (कोळंबी) आणि शेवटे हे मासे मिळतात. बांधाच्या बाहेरची खारफुटी लाटेचा मारा कमी करते. ती तोडू नये, तिच्यात राडारोडा टाकू देऊ नये. मात्र जिथे दिसेल तिथे खारफुटीची रोपे लावण्याची जी हौस अलीकडे वाढली आहे तिच्याविषयी सावध राहावे. ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे मैदान हे पक्ष्यांचे ताट असते, त्यावर झाडे लावली तर पक्षी उपाशी राहतात. फुटक्या बांधाच्या आत उगवलेली खारफुटी तर शेत गेल्याची खूण असते. चोडण बेटावर रायबंदरहून फेरीबोटीने जाऊन सलीम अली पक्षी अभयारण्य एकदा ओहोटीला पाहिले की कुठे झाड हवे आणि कुठे चिखल हवा हे पुस्तकाशिवाय समजते.

बांधावरून येता-जाता कुर्ल्यांची बिळे, झिरपणारे पाणी किंवा मानशीचे मोडलेले दार दिसले तर त्याच दिवशी कुळांच्या संघटनेला सांगावे. लहान भगदाड चार टोपल्या चिखलाने बुजते, पुढच्या उधाणानंतर त्याला यंत्र लागते. मासे धरण्यासाठी मानस अवेळी उघडी ठेवली जात असेल तर तेही संघटनेच्या बैठकीत बोलावे.

नववी पायरी : कागद

टेकडी कापली जात आहे, खाजनात मातीचा भराव पडत आहे किंवा पुळणीवर काँक्रीट चढत आहे असे दिसल्यास बोलाचालीने भागत नाही. आधी जागेचा सर्वे क्रमांक शोधावा आणि एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढावा. गोव्याच्या किनारी व्यवस्थापन आराखड्याला २०११ च्या अधिसूचनेखाली २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आहे. त्याच्या नकाशावर तो सर्वे क्रमांक भरतीरेषेच्या किती आत आणि कोणत्या विभागात येतो ते पाहावे. मग एका पानाची तक्रार लिहावी: काय चालले आहे, केव्हापासून, कोणत्या यंत्राने, कोणत्या सर्वे क्रमांकात, सोबत तारीख-वेळ दिसणारे फोटो, शक्यतो समुद्र आणि काम दोन्ही एका चौकटीत येतील असे. विशेषणे आणि आरोप गाळावेत. मालकाचा हेतू काय होता हे आपल्याला सिद्ध करायचे नसते, जमिनीवर काय घडले ते सांगायचे असते.

ही तक्रार गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाला, तालुक्याच्या उपजिल्हाधिकाऱ्यांना आणि पंचायतीला द्यावी. कासवांची पुळण असेल तर वन खात्यालाही द्यावी. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी. एकट्याने देण्यापेक्षा वाड्यावरच्या पाच-दहा जणांच्या सह्या असल्या तर दबाव एका घरावर येत नाही. लहान गावांत ही गोष्ट कायद्याच्या कलमाइतकीच महत्त्वाची असते.

यानंतर ग्रामसभा. गोव्यात नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होतात. विषय आधी लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेवर आणावा आणि ठराव इतिवृत्तात नेमका कसा लिहिला गेला ते पुढच्या बैठकीत वाचून घ्यावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आपल्या गावची कासवांची घरटी, पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागा आणि तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) मिळण्याच्या जागा नोंदलेल्या आहेत का ते पाहावे, नसल्यास आपल्या वर्षाच्या कागदासह नोंद करून घ्यावी. जी गोष्ट नोंदीत नाही ती सुनावणीत असत नाही.

तीस दिवसांत हालचाल झाली नाही तर माहिती अधिकाराखाली अर्ज करून तक्रारीवर कोणती कारवाई झाली, पाहणी कोणत्या तारखेला झाली आणि अहवालाची प्रत मिळावी, एवढेच तीन प्रश्न विचारावेत. माहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात आणि त्यानंतर पहिले अपील तीस दिवसांत करावे लागते. हा सर्व पत्रव्यवहार चालू असतानाच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची मुदतही चालू असते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही: २०१० च्या कायद्याच्या कलम १४ खालचा अर्ज वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि पुरेसे कारण दाखवल्यास फार तर आणखी साठ दिवस मिळतात. तेव्हा भराव पहिल्यांदा दिसला तो दिवस डायरीत लिहून ठेवावा आणि पाचवा महिना लागण्यापूर्वी वकिलाला गाठावे.